त्याचं जुनं कर्ज आणि तुमचं नवं घर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर घराच्या कर्जाचं बोलताना नवऱ्याच्या बसलेल्या धंद्याची आणि तडजोड झालेल्या दोन क्रेडिट कार्डांची गोष्ट निघाली, आणि तू एकच वाक्य तीनदा बोललीस. "आई, मग अर्जातून त्याचं नाव काढूनच टाकू का?" तिसऱ्यांदा तू आवाज खाली घेतलास आणि त्याच क्षणी मागे चाललेला नळ बंद झाला. भांडी घासता घासता त्यानं ऐकलं, हे मला इकडे कळलं. म्हणून मी विषय बदलला. फोनवर हे नीट बोलता येणार नाही, तेव्हा लिहितेच. वाचून झालं की पत्र त्यालाही दे. त्याच्या पाठीमागे लिहावं असं यात काही नाही.

कर्ज विभागात माझी सव्वीस वर्षं गेली, तेव्हा आधी टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगते. अर्जावर दोन नावं आली की दोघांचाही जुना इतिहास उघडला जातो, आणि निर्णय बहुतेक वेळा त्यातल्या कच्च्या नावावरून ठरतो. तुझी पाटी कोरी करकरीत आहे म्हणून सरासरी काढून तुम्हाला पास करतील, असं सहसा होत नाही. कारण साधं आहे. सहकर्जदार अर्ध्या कर्जाला बांधील नसतो, पुरत्या कर्जाला असतो. उद्या एकानं हात वर केले तर सगळी वसुली दुसऱ्याकडून करता येते. मग धनको, म्हणजे कर्ज देणारा, दोघांनाही एकेकटं तपासणारच.

पण नुसत्या लग्नानं त्याची नोंद तुझ्या नोंदीत मिसळलेली नाही, हेही लक्षात ठेव. तुझ्या मनात ती भीती आहे असं मला तुझ्या बोलण्यावरून वाटलं. नोंदी जोडल्या जातात त्या पैशाच्या व्यवहारानं. एकत्र कर्ज घेतलं की ते दोघांच्याही पानावर चढतं. इंग्लंडात तर संयुक्त बँक खातं उघडलं तरी दोघांची नावं एकमेकांना जोडली जातात, नुसतं एका पत्त्यावर राहिल्यानं मात्र नाही. तेव्हा घराचा विचार पक्का होईपर्यंत त्याच्याबरोबर नवं संयुक्त कार्ड घेऊ नकोस, आणि त्याच्या कुठल्या जुन्या कर्जाला जामीन तर मुळीच राहू नकोस.

जामीन म्हटलं की मला काय आठवतं ते तुला माहीत नाही. आज सांगते.

आम्ही घर घ्यायचं ठरवलं तेव्हा स्कोअर-बिअर काही नव्हतं. मी ज्या बँकेत होते ती सोडून दुसरीकडे अर्ज केला होता, घरच्या मैदानावर खेळल्यासारखं वाटू नये म्हणून. तिथल्या अधिकाऱ्यानं खातेवही उघडली, पेन्सिलीनं एका ओळीखाली बारीक रेघ मारली आणि वही माझ्याकडे वळवली. बाबा आपल्या एका मित्राला जामीन राहिले होते. मित्राचे आठ हप्ते थकले होते. रक्कम काही डोंगराएवढी नव्हती, पुढे सहा महिन्यांत आम्ही ती भरूनही टाकली. पण परत येताना बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि बाबा तिकिटाची घडी घालत राहिले, उलगडत राहिले, परत घालत राहिले. त्या परक्या माणसाच्या आधी मला कळायला हवं होतं. माझा राग तेवढाच होता, आणि तो बरीच वर्षं पुरला.

म्हणून सगळ्यात आधी त्याचा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आजवरच्या कर्जांची आणि फेडीची नोंद, काढा. त्या नोंदीवरून जो आकडा, म्हणजे स्कोअर, काढतात त्याला आपण सरसकट 'सिबिल' म्हणतो, अमेरिकेत 'फायको' म्हणतात. तिथला आकडा 300 ते 850, सिबिलचा 300 ते 900. पण मी म्हणते ते आकड्याबद्दल नाही. आकडा आरशासारखा असतो, तोंड कसं दिसतंय एवढंच सांगतो. कुठे दुखतंय ते आतल्या पानांत असतं. प्रत्येक खात्याखाली महिनेवारी चौकटी असतात, कोणत्या महिन्यात किती दिवस उशीर झाला ते त्यात लिहिलेलं असतं. ती पानं दोघांनी एकत्र बसून वाचा. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्यानं स्कोअर कमी होत नाही. ही एक अफवा मी निवृत्त होईपर्यंत खोडत होते.

आता तो म्हणतो, "मी सगळं मिटवलंय." या 'मिटवलं'पाशी थोडं थांबावं लागेल. आमच्या धंद्यात 'क्लोज्ड' आणि 'सेटल्ड' हे दोन वेगळे शब्द आहेत. पै न् पै भरून खातं बंद झालं तर ते क्लोज्ड. धंदा बसला, सगळी रक्कम देणं शक्य नाही, म्हणून बँकेनं काही भाग घेतला आणि बाकीचा सोडला, तर ते सेटल्ड. कर्जदाराच्या लेखी दोन्हीत वसुलीचे फोन थांबतात, म्हणून त्याला दोन्ही सारखेच वाटतात. धनको मात्र दुसरा शब्द असा वाचतो की या माणसाकडून एकदा पूर्ण पैसे आले नव्हते. तो खोटं बोलत नाहीये गं. त्याला फरक कोणी सांगितलेला नसणार. तडजोडीच्या वेळी तो सांगण्याची घाई कुणालाच नसते, हे मी टेबलाच्या त्याच बाजूला बसून बघितलं आहे.

डाग कायमचा असतो का, तर नाही. इंग्लंडात थकबाकीची नोंद सहा वर्षांनी उतरते, अमेरिकेत साधारण सात वर्षांनी. तोवर ती असते, पण दरवर्षी तिचा आवाज थोडा बसत जातो. पाच वर्षांपूर्वीचा एक पडता काळ आणि त्यानंतर एकही चूक नाही, हे चित्र वेगळं. गेल्याच वर्षी दोन हप्ते चुकले, हे वेगळं. फायकोच्या हिशेबात वेळेवर फेडीच्या इतिहासाला सगळ्यात जास्त, 35 टक्के वजन आहे. म्हणजे ज्यानं बिघडलं त्यानंच ते सुधारतंही. फक्त बिघडायला तीन महिने पुरतात.

रिपोर्टात चुकाही असतात. फेडलेलं खातं चालू दाखवलेलं, नावात नाव अडकून दुसऱ्याचंच कर्ज याच्या माथी. त्या चुका अर्ज करून फुकटात दुरुस्त होतात. "पैसे द्या, नोंद पुसून देतो" म्हणणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. खरी नोंद त्याला पुसता येत नाही आणि खोटी पुसायला त्याची गरज नाही.

आता तुझा प्रश्न. एकटीच्या नावावर घेतलंस तर त्याची नोंद अर्जात येत नाही, हे खरं. पण मग पगारही तुझा एकटीचाच धरतील. सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या साधारण 40 ते 50 टक्क्यांपुढे गेले की धनको हात आखडतो, म्हणजे कर्ज कमी मिळणार आणि घर लहान होणार. शिवाय बऱ्याच ठिकाणी घराचा मालक तोच कर्जदार हवा असा आग्रह असतो. तसं झालं तर तो खरेदीखतावरही येणार नाही, आणि तरी दर महिन्याला अर्धा हप्ता त्याच्या खात्यातून जात राहील. एकटीच्या नावावर म्हणजे एकटीच्या मानेवर, आणि त्याच्या बाजूनं बघितलं तर पैसे गेले पण हक्क नाही. हा मार्ग घेतलात तर कोणी किती भरलं याचा लेखी करार वकिलाकडून करून घ्या, मृत्युपत्र करा, कर्जाएवढा विमा उतरवा. नवरा-बायकोत कागद कशाला, असं तो म्हणेल. त्याच्याच भल्याचा कागद आहे, असं सांग.

दुसरा मार्ग, आत्ताच दोघांच्या नावानं, चढ्या व्याजानं. असं कर्ज देणारे भेटतात. पण एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो म्हणून हिशेब करून ठेवलाय. वीस वर्षांच्या मुदतीला साडेआठऐवजी साडेनऊ टक्के व्याज पडलं, तर मुदतभरात मूळ कर्जाच्या 15 टक्क्यांहून जास्त पैसे वर जातात. म्हणजे शंभर घेतले तर पंधरा नुसते जुन्या चुकीचे. दोन-तीन वर्षांनी नोंद सुधारल्यावर कर्ज स्वस्त दराकडे वळवता येतं, म्हणून हा मार्ग अगदीच टाकाऊ नाही. मुदतीआधी फेडल्यास दंड किती, ते मात्र सही करण्याआधी वाच. ते कलम कायम बारीक अक्षरात असतं.

आणि तिसरा, थांबण्याचा. तुला तो आवडणार नाही, पण मला विचारशील तर मी हाच घेईन. ज्या दोन कार्डांची तडजोड झाली, त्यांच्याकडे जाऊन विचारा की उरलेली रक्कम भरली तर नोंद पूर्ण फेड म्हणून बदलून द्याल का. उत्तर लेखी घ्या, मगच पैसे भरा. आधी भरून मग विचारलंत तर पलीकडच्याला घाई उरत नाही. त्यासाठी तुमच्या घराच्या पुंजीतून थोडं काढावं लागलं तरी काढा. त्यानं स्वतःच्या नावाचं एक छोटं कार्ड ठेवावं, मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत वापरावं, आणि बिल आपोआप पूर्ण भरलं जाईल अशी सोय करावी. वर्ष-दीड वर्ष एवढंच. या काळात 'मिळतंय का बघू' म्हणून चार ठिकाणी अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते, आणि पाचव्या ठिकाणच्या माणसाला ती घायकुती दिसते.

अर्जात आधीच्या थकबाकीबद्दल विचारलं तर खरं लिहा. लपवलेलं सापडलं तर नाव फसवणुकीच्या रकान्यात जाऊ शकतं. सोबत त्यानं स्वतः अर्ध्या पानाचं पत्र जोडावं. धंदा कधी सुरू केला, कधी बंद केला, किती देणं होतं, किती आणि कधी फेडलं. रडगाणं नको, तारखा हव्यात. माझ्या टेबलावर अशी पत्रं फार थोडी आली, पण ज्यांनी लिहिली त्यांची फाइल मी वरच्या साहेबांकडे स्वतः घेऊन जायचे. प्रत्येक वेळी मंजूर झाली असं नाही. निदान वाचली तरी गेली.

बाबांना हे पत्र वाचून दाखवलं. बसच्या तिकिटाची गोष्ट आली तेव्हा ते उठून खिडकी लावायला गेले. खिडकी आधीच लावलेली होती. परत येऊन म्हणाले, जावयाला सांग, मला फोन कर म्हणावं, बायकोला कसं सांगू नये ते मला चांगलं ठाऊक आहे.

रिपोर्ट आला की मला पाठव. त्याला विचारून पाठव, न विचारता नको. दोन कार्डांच्या नोंदी बघायच्याच आहेत, पण त्याआधी शेवटी शेवटी चौकशांची यादी असते ती बघ. गेल्या वर्षभरात कोणी कोणी त्याची नोंद मागवली ते त्यात तारखेसकट येतं. एखादं नाव ओळखीचं वाटलं नाही, तर चहा ठेवून मग विचार.

तुझी,
आई