उद्यमनगरच्या काकांना, एका ब्रेकवायरबद्दल

काका, नमस्कार.

नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंय म्हणून घालत नाही, पण उद्यमनगरात लेथवर बसणाऱ्यांना कळंलच कुणाबद्दल लिहितोय ते.

धाकट्याचं विमान पडलं त्याला चार महिने होत आले. दोन सीटचं ट्रेनिंगचं विमान, हा एकटाच होता, उतरायला येताना हातातलं योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, एकदम ढिलं पडलं, ओढलं तरी नाक वर येईना, आणि विमान शेजारच्या उसात गेलं. कमरेचा मणका आणि डावा घोटा गेला, पण जीव वाचला. उजळाईवाडीच्या विमानतळाच्या कुंपणाला नाक लावून विमानं बघत मोठा झालेला पोरगा आमचा.

ज्यांचं विमान होतं त्यांचा एकच फोन आला, आणि त्यात तब्येतीपेक्षा जास्त वेळ 'हाताळणीत काहीतरी चुकलं असणार' यावरच गेला. चौकशी सुरू व्हायच्या आधीच! विमान अपघाताच्या चौकशीला 2012 पासून केंद्राचा वेगळा विभाग आहे, आणि ती चौकशी कुणावर दोष टाकायला नसते, परत तसं होऊ नये म्हणून असते, पण आमच्याकडं दोष आधी आणि चौकशी मागनं. मग काय, पै-पावणे, गल्लीतले, सगळेच पायलट झाले. 'पोरगं जरा उतावळंच हाय' हे मी स्वतःच्या जिन्यात ऐकलंय. आणि हा गप्प, भिंतीकडं तोंड करून पडलेला. एका रात्री म्हणतो, दादा, मी खरंच ओढलं होतं का रं, आता मलाच आठवंना झालंय.

अशात तुम्ही आलात, ना ओळख ना पाळख, पेपरात वाचून. चहा नको म्हणालात, तब्येतीचंही विचारलं नाही, आत जाऊन थेट त्याला विचारलंत, "योक अडकलं का ढिलं झालं?" इतक्या दिवसांत हा प्रश्न त्याला कुणीच विचारला नव्हता काका! तो म्हणाला ढिलं. तुम्ही खाली गेलात आणि पक्कड लावून आपल्याच सायकलीची मागच्या ब्रेकची वायर काढून वर आलात.

एअर फोर्समध्ये विमानं दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं गेलेला माणूस पलंगावर बसून ती वायर पिळून दाखवतोय, हे चित्र माझ्या डोळ्यापुढनं हलत नाही. योकपासनं शेपटीपर्यंत जाणारी विमानातली केबल सात पेडांची, एकेका पेडात 19 तारा, म्हणजे 133. सगळ्या एकदम तुटत नाहीत, पुलीवरनं वळते तिथं एकेक झिजत जाते, आणि ती जागा नेमकी पुलीखाली लपते, पायलटनं उडायच्या आधी फेरी मारून बघितलं तरी दिसणार नाही. मेकॅनिकनं योक शेवटापर्यंत पुढं-मागं करून केबलवर कापड फिरवायचं असतं, तुटकी तार असली की कापड अडकतं. मग तुम्ही खिशातला रुमाल त्याच्या हातात दिलात. "फिरव." त्यानं फिरवला, एका जागी खर्रकन अडकला, आणि तो बराच वेळ त्या जागेकडंच बघत राहिला.

"मग नाक वर कसं आणलंस?"

"ट्रिमचं चाक फिरवलं, थ्रॉटल वाढवलं." (ट्रिम म्हणजे नाक वर-खाली सावरायचं वेगळं छोटं चाक, थ्रॉटल म्हणजे इंजिनाचा जोर.)

"मग? ते सुचलं म्हणून हितं पलंगावर पडलायस, न्हाईतर फोटोत असतास."

अपघातानंतर पहिल्यांदा रडला तो त्या दिवशी. हसत हसतच.

पुढं कागदावर पण तेच आलं, केबल पुलीपाशी झिजून तुटलेली. ज्यांनी जिन्यात बोलून दाखवलं त्यातला एकजण पण परत वर आला नाही, असो. पण कागद येईपर्यंत पोराचं काय झालं असतं हे आईला विचारा. 2019 च्या पुरात आपलं अख्खं कोल्हापूर भाकरी-आमटी घेऊन एकमेकांच्या दारात उभं होतं, ते मी बघितलंय, त्यात होतो पण. पूर नसताना, कुणी बघत नसताना, अनोळखी पोराच्या खोलीत तासभर बसणं मला स्वतःला जमलं असतं का, माहीत नाही.

जाताना वायर परत देत होतो तर "ऱ्हाऊ दे त्याच्याजवळ" म्हणालात, आणि उतारावरनं चप्पल घासत सायकल थांबवत गेलात. मी गॅलरीतनं बघत होतो.

रविवारी येतोय दुकानावर, नवी वायर घेऊन. तुम्ही कधीच टाकली असणार म्हणा, तरी येतोय. धाकटा पण येतोय, कुबड्या सुटल्या, आता काठीवर आलाय.