बॅटरीची बातमी देताना तास पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोलर आणि पवनऊर्जेच्या बातम्या तुम्ही नेमाने देता ते चांगलंच आहे, पण बॅटरीची बातमी आली की दरवेळी एकच आकडा असतो, इतक्या मेगावॉटची बॅटरी बसली, आणि वाचणाऱ्याला वाटतं चला, रात्रीचा प्रश्न मिटला. अहो, मेगावॉट म्हणजे एका वेळी किती जोरात वीज देणार एवढंच, किती वेळ देणार ते कुठे लिहिलंय? 2017 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात हॉर्न्सडेलला 100 मेगावॉटची बॅटरी बसली, तेव्हा लिथियममधली जगात सगळ्यात मोठी, केवढा गाजावाजा झाला, पण तिच्यात साठवण होती 129 मेगावॉट-तास, म्हणजे फुल्ल चालवली तर सव्वा तासात रिकामी. उलट वेल्समधलं डिनॉर्विग बघा, 1984 पासून चालू आहे, वरच्या तलावात पाणी चढवायचं आणि गरज लागली की खाली सोडून वीज करायची, ते 1,700 मेगावॉटच्या वर देतं आणि तेही पाचेक तास. बातमीत दोन्ही एकाच मापाने मोजून कसं चालेल.

बरं, हॉर्न्सडेलने सुरुवातीला पैसे कमावले ते काही दुपारची वीज रात्री विकून नाही, मुख्य कमाई होती मागणी-पुरवठ्याचा तोल बिघडून ग्रीडची फ्रिक्वेन्सी हलली की लगेच सावरून देण्याची. काम छोटं आणि दाम चांगला, पण बाजारही तेवढाच छोटा, आणखी चार बॅटऱ्या आल्या की रेट पडतो.

मग राहतो तो साधा धंदा, स्वस्तात भरा आणि महाग विका. लिथियमला 100 युनिट भरले तर साधारण 85 परत मिळतात, म्हणजे विकायचा भाव घेतलेल्या भावापेक्षा 18 टक्के जास्त मिळाला तर नुसतं वाया गेलेलं भरून निघालं, बॅटरीचे पैसे अजून सुटलेच नाहीत. हायड्रोजन करून साठवली आणि परत वीज केली तर 100 तले 35-40 हाती लागतात, म्हणजे तिथे भाव अडीचपट तरी पाहिजे. आणि यात एक गोची आहे, जितक्या बॅटऱ्या वाढतील तितका दुपारचा भाव चढणार आणि संध्याकाळचा उतरणार, म्हणजे ज्या फरकावर धंदा उभा आहे तो फरक बॅटरीच खाऊन टाकते. ग्राहकाला हे छानच, पण पैसे घालणारा का घालेल?

आता मला जे सांगायचंय ते. 2010 पासून लिथियम बॅटरी पॅकचे भाव जवळपास 90 टक्क्यांनी उतरले, हे सगळे लिहितात, पण ती बॅटरी वर्षात कितीदा भरून रिकामी होणार हे कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते सगळं गणित तिथेच आहे. एका युनिटची साठवण घ्या आणि 15 वर्षं धरा. वर्षाला 300 वेळा वापरली तर तिचा खर्च 4,500 युनिटवर वाटला गेला. तीच उन्हाळ्यातली वीज हिवाळ्यासाठी धरून ठेवायला वापरली तर 15 युनिटवर, म्हणजे दर युनिटचा बोजा सरळ 300 पट! वर्षातून एकदाच भरणाऱ्या गोदामाचं अख्खं भाडं त्या एकाच मालावर पडणार ना, तसंच. बॅटरी अजून निम्म्याने स्वस्त झाली तरी ही दरी काही भरत नाही.

जर्मनीचं 2024 बघा, 457 तास विजेचा घाऊक भाव शून्याच्या खाली होता, म्हणजे वीज घेणाऱ्यालाच वर पैसे, आणि त्याच वर्षी डिसेंबरात ऊन नाही वारा नाही अशा दिवशी एका तासाला तो मेगावॉट-तासाला 936 युरोवर गेला. लोक म्हणतात आधीची साठवून नंतर वापरा, सोपं आहे. सोपं नाहीये हो, असे दिवस वर्षात मोजके आणि तेही लागोपाठ येतात, चार तासांची बॅटरी पहिल्याच संध्याकाळी संपते. म्हणून दुपारची थोडी वीज सरळ सोडून द्यावी लागली तर त्यात एवढी हळहळ नको, शेवटचं युनिट साठवायचा खर्च त्या युनिटच्या किमतीपेक्षा जास्त असेल तर वाया जाऊ देणंच स्वस्त. त्यापेक्षा लांबच्या प्रदेशांशी जोडणाऱ्या लाइन, दुपारी वीज वापरणाऱ्याला कमी रेट, आणि हो, कधीमधीच चालणारी गॅसची केंद्रं पण, नाक मुरडलं तरी.

चार तासांवरून आठवलं, कॅलिफोर्नियात 2024 मध्ये बॅटऱ्या 10,000 मेगावॉटच्या पुढे गेल्या, संध्याकाळी तिथे त्या खरंच कामाला येतात, पण बहुतेक सगळ्या चारच तासांच्या, कारण चार तास सलग देणाऱ्या साठवणीला तिथल्या नियमात गरजेच्या वेळेची हमी म्हणून पूर्ण क्षमता मोजून मिळत आली. नियम आठ तासांचा असता तर बॅटऱ्याही वेगळ्या दिसल्या असत्या.

तर विनंती एवढीच, पुढची बातमी देताना मेगावॉटच्या शेजारी मेगावॉट-तास छापा आणि जमलं तर हे पण विचारा की ती रोज चालणार का वर्षातून चार दिवस, आणि उरलेल्या दिवसांचा हप्ता कुणाच्या बिलात लागणार.

आपला,
एक नियमित वाचक