पिकअपचे ईसीएम बदलूनही बिघाड कायम. वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: ईसीएम बदलताना झालेला निष्काळजीपणा आणि नाकारलेली वॉरंटी

महोदय/महोदया,

माझी डिझेल पिकअप घेतल्यापासून आपल्याच अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये सर्व्हिसिंगला जाते. इंजिनचे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे ईसीएम, बाद झाले असे सांगून तिथे ते बदलण्यात आले. बिलाची पूर्ण रक्कम मी भरली. काही आठवड्यांतच गाडी त्याच दुखण्याने पुन्हा बंद पडली. आता आपल्याकडून लेखी उत्तर आले आहे की, मॉड्यूलमध्ये पाणी शिरल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही. हे उत्तर मला मान्य नाही. का मान्य नाही ते सविस्तर लिहितो, कारण काउंटरवर ऐकून घ्यायला कुणाला सवड नव्हती.

मूळ दुखणे असे: गाडी थंड असली की सेल्फ मारताच सुरू व्हायची. इंजिन तापले की चालता चालता चेक लाइट लागायचा, गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे इंजिन वाचवण्यासाठी ताकद कमी करणाऱ्या अवस्थेत, जायची आणि पेडल कितीही दाबले तरी रेस घ्यायची नाही. कधी जागेवरच बंद पडायची. थोडा वेळ उभी राहिली की काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. ही गाडी माल वाहते. भर रस्त्यात बंद पडली की दुसरी गाडी बोलावून सगळा माल त्यात भरावा लागतो आणि उशिराबद्दल बोलणी मला खावी लागतात, आपल्या सुपरवायझरला नव्हे.

सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला. एक्सिलरेटर पेडलच्या बिघाडाचा कोड आला म्हणून पेडल बदलले. पुढच्या खेपेला रेल प्रेशरचा, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतल्या दाबाचा, कोड आला म्हणून तो सेन्सर बदलला. दोन्ही वेळा त्या कोडसोबत पी ०६४१ हा कोडही होता आणि दोन्ही जॉब कार्डांवर तो छापलेला आहे. हा कोड सेन्सरचा नाही. ईसीएम सेन्सरना जो ५ व्होल्टचा पुरवठा करते, त्या सर्किटचा आहे. वेगवेगळ्या सेन्सरची आकडेवारी एकाच वेळी बिघडत असेल तर सगळे सेन्सर एकदम कसे मरतील? आधी ते ५ व्होल्ट कुठे गळत आहेत ते पाहायचे असते. कोड दिसला आणि तो भाग बदलला, याला दुरुस्ती म्हणत नाहीत. हा अंदाजपंचे कारभार झाला आणि त्याचे पैसे ग्राहकाच्या खिशातून गेले.

शेवटी पी ०६०६ आला आणि ईसीएमवर फुली मारली गेली. या कोडचा अर्थ मॉड्यूलला स्वतःच्याच प्रोसेसरमध्ये गडबड आढळली असा आहे हे खरे. पण पुरवठा कमी पडला किंवा अर्थिंग कच्चे असले तरी मॉड्यूल अशी तक्रार करू शकते. म्हणून ते बाद ठरवण्याआधी बॅटरीकडून येणारा पुरवठा, अर्थ आणि कनेक्टर तपासायचे असतात. जॉब कार्डवर ‘वायरिंग व कनेक्टर तपासले, ठीक’ अशी नोंद आहे. ही नोंद नीट लक्षात ठेवा, पुढे तिचेच काम आहे.

नवे मॉड्यूल बसवून गाडी ताब्यात मिळाली तेव्हा आयडलिंगला इंजिन ठोकत होते आणि सायलेन्सरमधून धूर येत होता. ‘चालवा, सेट होईल’ असे सांगण्यात आले. असे काही आपोआप सेट होत नसते. कॉमन रेल इंजिनच्या, म्हणजे एकाच दाबनळीतून सगळ्या सिलिंडरना डिझेल पुरवणाऱ्या इंजिनच्या, प्रत्येक इंजेक्टरवर त्याचा स्वतःचा कोड असतो. कारखान्यात तो इंजेक्टर तपासताना डिझेल किती कमी-जास्त फवारतो हे मोजून तो कोड दिलेला असतो. मॉड्यूल बदलले की हे कोड सिलिंडरच्या क्रमाने नव्या मॉड्यूलमध्ये भरावे लागतात. ते भरलेलेच नव्हते. मी गाडी परत नेऊन अडून बसलो तेव्हा भरले आणि ठोकणे तिथल्या तिथे थांबले. दुसरी चावीही इमोबिलायझरला, म्हणजे अनोळखी चावीने गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेला, ओळख न करून देता तशीच हातात दिली होती. त्या चावीने सेल्फ फिरायचा, गाडी सुरू व्हायची नाही. डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, किती काजळी आणि राख साठली आहे याचा जुन्या मॉड्यूलमधला हिशेब नव्यात घेतला की नाही, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

ही झाली किरकोळ दुखणी. खरी गोष्ट पुढे आहे.

गाडी पुन्हा बंद पडल्यावर मी ती बाहेरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवली. त्याने मॉड्यूलला हात लावण्याआधी मीटर काढला. सेल्फ मारत असताना बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिन यांच्यातला व्होल्टेज ड्रॉप पाहिला, ०.१ व्होल्टच्या आत होता, म्हणजे अर्थ चांगला. बॅटरीची केबल सोडवून ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर जोडतात) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमधला रेझिस्टन्स मोजला. ६० ओहम आला. गाडीतली मॉड्यूल जिच्यावरून एकमेकांशी बोलतात त्या कॅन लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात, त्यामुळे लाइन धड असली की एवढाच आकडा यायला हवा. मग त्याने ईसीएमचा मोठा कनेक्टर लिव्हर उचलून बाहेर काढला आणि काही न बोलता टॉर्च माझ्या हातात दिला.

खालच्या ओळीतल्या कोपऱ्यातल्या पिनांवर हिरवट चिकटा साचला होता. कनेक्टरच्या कडेचे रबर सील एका बाजूला दुमडून आत दबले होते. ज्या रिकाम्या खाचेत तार नसते तिथे पाणी अडवणारे छोटे प्लग असतात. त्यातला एक गायब होता. शेजारची तार सोलून पाहिली तर आतला तांब्याचा धागा काळा पडलेला. हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, मॉड्यूलपाशी येताना खाली झोळ देऊन वर चढवलेला असतो, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते. माझ्या गाडीत हा झोळ उरलाच नव्हता. हार्नेस ताणून वरच्या ब्रॅकेटला टायने बांधला होता, त्यामुळे पाणी थेट कनेक्टरच्या तोंडाशी येत होते. आणि तो टाय नवा कोरा होता. जुन्या, मळलेल्या, कडक झालेल्या टायच्या शेजारी तो वेगळा कळतो. फोटो सोबत आहेत.

तारेच्या आतले तांबे काळे पडणे हे दोनचार आठवड्यांचे काम नव्हे. पाणी आधीपासून मुरत होते. ५ व्होल्टची पिन त्या चिकट्यात शेजारच्या पिनेशी गळत होती, म्हणून सेन्सर एकामागून एक ‘खराब’ दिसत होते. आपल्या माणसाने तोच कनेक्टर उघडला, जुने मॉड्यूल काढले, त्याच गंजलेल्या पिनांवर नवे मॉड्यूल बसवले, वर सील दुमडले आणि ‘ठीक’ असे लिहून मोकळा झाला. गळक्या छपराखालची भिजलेली गादी काढून तिथेच नवी गादी टाकावी, तशातला हा प्रकार आहे.

आता आपल्याला एकच प्रश्न विचारतो. कनेक्टर त्या दिवशी ठीक होता, तर नंतर तो मॉड्यूलपासून वेगळा कुणी केला? बाहेरच्या इलेक्ट्रिशियनने उघडला तो गाडी बंद पडल्यानंतर, आणि पहिला फोटो सॉकेटमधून काढतानाचाच आहे. कनेक्टर त्या दिवशीही खराब होता, तर जॉब कार्डवरची नोंद खोटी आहे. दोन्हींपैकी काहीही धरा, मॉड्यूलमध्ये पाणी शिरले याचा दोष ग्राहकाच्या माथी मारता येत नाही. प्रत्येक सर्व्हिसिंगला आपल्याकडे प्रेशर पंपाने इंजिन धुतले जाते, हेही या निमित्ताने सांगून ठेवतो. मी स्वतः बॉनेटखाली कधीच पाण्याची नळी धरलेली नाही. सील मुळात कुठे निसटले असेल याबद्दल माझा संशय पक्का आहे.

जुने मॉड्यूल मला परत मिळाले नाही. मागितले तेव्हा ‘कंपनीकडे गेले’ असे उत्तर मिळाले. ते खरोखर मेले होते की कनेक्टर साफ करून चालले असते, हेच मला आज सांगता येत नाही आणि तपासायची सोयही ठेवलेली नाही. त्यात आणखी एक गोष्ट: बसवलेल्या मॉड्यूलच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर आणि बिलावरचा पार्ट नंबर यांचे शेवटचे अक्षर वेगळे आहे. हा निव्वळ टंकलेखनातला घोळ असेल तर तसे लेखी कळवा. वेगळी आवृत्ती बसवली असेल, तर ती माझ्या इंजिनाला चालते असे कोणत्या आधारावर ठरवले तेही कळवा.

माझे म्हणणे सरळ आहे. वॉरंटी नाकारल्याचे पत्र मागे घ्यावे. हार्नेसचा तो भाग आणि कनेक्टर नवा टाकून, त्यानंतरच दुसरे मॉड्यूल विनामूल्य बसवावे. प्रोग्रॅमिंग करताना बॅटरीला स्थिर पुरवठा लावावा, म्हणजे अर्ध्यात व्होल्टेज पडून आणखी एक मॉड्यूल वाया जाणार नाही. चासी नंबर, इंजेक्टरचे कोड, दोन्ही चाव्या आणि डीपीएफचा हिशेब भरल्याची स्कॅनरची छापील प्रत मला द्यावी. विनाकारण बदललेल्या पेडल आणि सेन्सरचे पैसे परत करावेत. ते जुने सुटे भाग माझ्याकडेच आहेत, हवे तेव्हा तपासून पाहा. जुन्या मॉड्यूलचा तपासणी अहवाल द्यावा, नसेल तर मॉड्यूलच परत करावे. गाडी उभी राहिल्याने बुडालेल्या भाड्याचा हिशेब वेगळा जोडला आहे; त्यावर बोलायला मी तयार आहे, बाकीच्या मुद्द्यांवर नाही.

लेखी उत्तर पंधरा दिवसांत मिळावे. न मिळाल्यास हीच कागदपत्रे घेऊन मी कायदेशीर मार्गाने दाद मागेन.

गाडी सध्या आपल्याच सर्व्हिस सेंटरच्या आवारात उभी आहे. मी किंवा माझा इलेक्ट्रिशियन समोर असल्याशिवाय तिचा कनेक्टर कुणी उघडू नये, साफ तर मुळीच करू नये. ही सूचना सुपरवायझरला लेखी दिली असून त्याची पोच घेतली आहे.

आपला,
(सही)
पिकअपचा मालक

सोबत: सर्व जॉब कार्डे व बिलांच्या प्रती, वॉरंटी नाकारल्याचे पत्र, कनेक्टर, सील व टायचे फोटो, दोन्ही पार्ट नंबरांचे फोटो, बाहेरच्या इलेक्ट्रिशियनचा लेखी तपासणी अहवाल, बुडालेल्या भाड्याचा हिशेब, सूचनेची पोच.