मागे फिरायला मागे काही उरले तर ना!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या तंत्रज्ञान पानावरचा ‘अजून विंडोज 10 वरच?’ हा लेख वाचला. शीर्षकातले प्रश्नचिन्ह माझ्यासारख्यांकडेच बघून नाक मुरडत असावे, म्हणून उत्तर देतो. होय, अजून 10 वरच. आणि तेही दुसऱ्यांदा!

लेखकमहाशय म्हणतात, नवी प्रणाली, म्हणजे विंडोज 11, आवडली नाही तर दहा दिवसांत मागे फिरता येते, मग घाबरायचे कशाला? हे वाक्य मी दोनदा वाचले. मागच्या वर्षी माझ्या भाच्याने मला अगदी हेच ऐकवले होते, फक्त कृती उरकल्यानंतर.

वडिलांनी काढलेल्या फोटोंच्या बाराशेच्या आसपास निगेटिव्ह माझ्याकडे आहेत. एका जुन्या स्कॅनरवर त्या एकेक करून उतरवून घेत होतो. साडेचारशे झाल्या होत्या. या स्कॅनरचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाकडून स्कॅनर चालवून घेणारा छोटा प्रोग्रॅम, फक्त 32 बिटच्या (जुन्या घडणीच्या) विंडोजसाठी निघाला. पुढे त्याच्या कंपनीने हात झटकले. म्हणून लॅपटॉपला 64 बिटची नवी घडण सहज झेपत असूनही त्यावर मी मुद्दाम 32 बिटची विंडोज 10 टाकून घेतली होती. हे कारण मला ठाऊक होते, भाच्याला नव्हते. तो सुट्टीत आला, मामाचा लॅपटॉप रखडतो हे त्याला बघवेना, आणि मी दुपारची झोप काढून उठेपर्यंत विंडोज 11 बसलेली होती.

आता ते दहा दिवस. विंडोज 11 फक्त 64 बिटमध्येच येते. 32 वरून 64 वर जाताना आहे त्यावरच अपग्रेड होत नाही, नव्यानेच टाकावी लागते. भाच्याने तर डिस्क फॉरमॅट करून टाकली. मग मागे फिरायची सोय कुठली? सेटिंग्जमध्ये ते बटणच नव्हते. फोटो त्याने आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवले होते, एवढे उपकार. स्कॅनरच्या कंपनीला पत्र धाडले, तर उत्तर आले की नवे मॉडेल घ्या. शेवटी एका ओळखीच्या तंत्रज्ञाने तीन खेपा घालून जुने संसार पुन्हा मांडून दिले. लेखात या 32–64 च्या भानगडीचा उल्लेख नाही. ‘आधी आपला प्रिंटर-स्कॅनर चालेल का ते पाहा’ एवढी एक ओळ तरी घालायची! जागा नव्हती म्हणावे, तर बाजूला स्मार्टवॉचचा फोटो चांगला पाव पान अडवून बसला आहे.

सुरक्षेचा मुद्दा मी उडवून लावत नाही. 2017 च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने विंडोजमधल्या एका भगदाडातून शिरून जगभर संगणक ओलीस धरले, तेव्हा त्या भगदाडावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता, ज्यांनी तो बसवला नाही ते अडकले. पण तो अपडेट होता हो, अपग्रेड नव्हे! अपडेट म्हणजे छप्पर शाकारणे आणि अपग्रेड म्हणजे बिऱ्हाड हलवणे. तुमच्या लेखात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी इतके बिनदिक्कत वापरलेत की मला आमच्या भाच्याचीच आठवण झाली.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची नेहमीची डागडुजी थांबली, हे मलाही माहीत आहे. म्हणूनच स्कॅनरच्या लॅपटॉपचे वायफाय मी कायमचे बंद ठेवले आहे. बँकेची कामे आणि ईमेल दुसऱ्या संगणकावर होतात. तो 2016 चा. चालतो उत्तम, पण त्याचा प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत बसत नाही आणि त्यात विंडोज 11 ला लागणारी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिपसुद्धा नाही. म्हणजे लेखकांच्या हिशेबाने धडधाकट यंत्र भंगारात घालायचे. घरच्या संगणकांसाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षा अपडेट मिळण्याची वाढीव सोय आहे. तिच्यात नाव घालून मी वेळ काढतो आहे. तोवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली जमते का बघेन, नाही जमले तर नवा संगणक घेईन. पण घेईन तो माझ्या सवडीने. 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच एका माणसाने भर परिषदेत विंडोज 10 ही ‘शेवटची विंडोज’ असल्याचे सांगितले होते. त्यामुळे ‘आता हीच कायमची’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवायला मला जरा वेळ लागतो.

निदान त्या दहा दिवसांबद्दल एक खुलासा छापावा, ही विनंती. कुणाचा तरी भाचा आजच सुट्टीला निघाला असेल.

आपला,
एक जुना वाचक

ता. क. : रविवारच्या शब्दकोड्यात चौकट एका आठवड्याची आणि शोधसूत्रे दुसऱ्याच आठवड्याची, असे या महिन्यात दोनदा झाले. त्यासाठीही एखादे अपग्रेड निघाले असल्यास मात्र जरूर करून घ्यावे.