चंदनाचे तेल आणि केसांच्या मुळांचे 'नाक'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पेठेतल्या एका दुकानात परवा चंदनतेलाच्या बाटलीवर 'केसांच्या मुळांनाही वास येतो, शास्त्रज्ञांनी सिद्ध केले' अशी चिठ्ठी डकवलेली पाहिली. माझ्या भाचीने ती बाटली घेतलीसुद्धा. चिठ्ठीतली गोष्ट निखालस खोटी असती तर हे पत्र लिहिले नसते. ती अर्धी खरी आहे, हीच अडचण आहे.

गंध ओळखणाऱ्या रिसेप्टरांची (पेशीवरच्या, ठरावीक रेणू पकडणाऱ्या प्रथिनांची) जनुके लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली आणि त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल मिळाले. हे रिसेप्टर केवळ नाकात नसून त्वचेतही असतात, हे पुढे कळत गेले. त्यांपैकी 'ओआर२एटी४' हा केसाच्या मुळाभोवतीच्या आवरणात सापडतो. केसांवर संशोधन करणारे राल्फ पाउस यांच्या गटाने २०१८ मध्ये माणसाच्या डोक्यावरील केसांची मुळे प्रयोगशाळेत जिवंत ठेवून त्यांना 'सँडलोर' हे द्रव्य दिले, तेव्हा तिथल्या पेशी मरण्याचे प्रमाण घटले, 'आयजीएफ-१' हा वाढीला चालना देणारा घटक अधिक तयार झाला आणि केसाची वाढीची अवस्था लांबली. यात हुंगण्याचा काही संबंध नाही. रेणू पेशीवरच्या रिसेप्टरला जाऊन चिकटतो, मेंदूला त्याची गंधवार्ताही नसते.

मात्र सँडलोर हे सुगंधी उत्पादनांसाठी कारखान्यात बनवलेले, चंदनासारखा वास असलेले रसायन आहे. आपण सहाणेवर जे खोड उगाळतो, त्याच्या तेलावर हा प्रयोग झालेला नव्हता. दुकानदाराने नेमका एवढाच तपशील गाळला आहे.

भाचीला श्रावणात डेंगी झाला होता. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केसांचे पुंजके फणीत येऊ लागतात आणि बहुतेकांच्या बाबतीत काही महिन्यांत ते आपोआप थांबते. तिचेही थांबेल, आणि श्रेय त्या बाटलीला जाईल. मग शेजारपाजारच्या चार जणी तेच तेल आणतील.

आपल्या आरोग्यविषयक पानावर असे संशोधन छापताना कोणते द्रव्य वापरले आणि प्रयोग माणसांवर झाला की काचपात्रात, हे मथळ्याखालीच ठळकपणे द्यावे, ही विनंती.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे