अंदमान पाहून आल्यावर मीनाला पत्र

फैजपूर, ता. यावल
१८ जानेवारी

प्रिय मीना,

फोनवर तुला म्हटलं होतं ना, आल्यावर सविस्तर लिहिते, म्हणून आज दुपारची जेवणं आटोपली आणि वही घेऊन ओट्यावर बसले. हे सगळं फोनवर सांगून होण्यासारखं नाही.

प्रवासाचं थोडक्यात उरकते. भुसावळहून रेल्वेने कोलकाता आणि तिथून विमान. विमानतळाच्या गावाचं नाव २०२४ साली श्रीविजयपुरम झालंय, पण रिक्षावाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळे अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात. सेल्युलर जेल पाहिला. सावरकरांच्या कोठडीसमोर आमचे हे कितीतरी वेळ नुसते उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. त्याविषयी भेटलीस की बोलू. आज मला तिथल्या जीवजनावरांविषयीच लिहायचंय. मनुदेवीच्या सहलीत सगळ्या मुली धबधब्यात खेळत होत्या आणि तू एकटी झुडपाआड रानकोंबडा बघत बसली होतीस. अंदमानात प्रत्येक वेळी वाटलं, मीना हवी होती.

आधी एका पालीची गोष्ट ऐक. नाक मुरडू नकोस. स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर, आम्ही एका बंगाली कुटुंबाच्या घरी उतरलो होतो. परसात सुपारी, नारळ आणि केळी. माझा जन्म केळीत गेला, केळीच्या पानावर काय काय बसतं ते मला डोळे मिटून सांगता येईल. पण सकाळी चहाचा कप हातात घेऊन उभी होते, तर पानाच्या दांड्यावरून पोपटी रंगाची पाल सरसर खाली आली. पाठीवर तांबडे ठिपके, कुणी कुंकवाच्या काडीने टेकवल्यासारखे. भर उन्हात फिरत होती. आपल्या घरातल्या पाली दिवे लागल्यावर बाहेर पडतात, ही दिवसाची. मी अगदी हाताच्या अंतरावर होते. तिने मान वळवली, जीभ बाहेर काढली आणि स्वतःचा डोळा चाटून स्वच्छ केला! तिला पापणीच नसते गं, मग डोळ्यावरची धूळ अशीच पुसायची. घरच्या वहिनींना त्यात काहीच नवल नव्हतं, रोजची पाहुणी. पण ही जात मूळची अंदमानचीच, आणि तिची जवळची भावंडं राहतात थेट मादागास्करच्या बाजूला, हिंदी महासागराच्या पार पश्चिम टोकाला. इतकं पाणी ओलांडून तिचे पूर्वज इकडे कसे पोचले असतील, याचा विचार करत मी तो चहा गार केला.

बेटांवरचं सगळं हे असंच आहे. समुद्राने जो जीव तोडून वेगळा ठेवला, तो हजारो पिढ्यांत वेगळाच होऊन बसला. चिडिया टापू हे पोर्ट ब्लेअरच्या दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटरवरचं टोक. तिथे पहाटे गेलो. पहाटेच जावं लागतं, कारण देशाच्या इतक्या पूर्वेला जानेवारीत साडेपाचच्या आतबाहेर सूर्य मावळतोसुद्धा. सोबत तिथलाच एक तरुण होता, पाखरांचे आवाज ओळखण्यात तरबेज. तो मधेच थांबला आणि बोट ओठावर ठेवलं. एका वाळक्या खोडावर ठक, ठक, ठक. जवळजवळ कावळ्याएवढा सुतारपक्षी, सगळा काळाकुळकुळीत, डोक्यावर लालभडक तुरा आणि पिवळसर डोळा. आपल्या शेतातला सोनपाठी सुतार त्याच्यापुढे किती नाजूक वाटेल. खोडाच्या ढलप्या खाली आमच्या पायाशी पडत होत्या. हा पक्षी अंदमानाबाहेर जगात कुठेही नाही. तिथला कोतवाल वेगळा, भारद्वाज वेगळा, सर्पगरुड वेगळा. तो मुलगा प्रत्येक नावाआधी 'अंदमान' म्हणायचा, आणि ते म्हणताना त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

आमच्या बोटीतल्या बहुतेकांना मात्र हरणं हवी होती. रॉस बेटावर, आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप म्हणतात, पडक्या इंग्रजी इमारतींमधून चितळं फिरतात. लोक त्यांना पाव खाऊ घालतात आणि गळ्यात हात टाकून फोटो काढतात. मला ते बघवलं नाही. चितळ तिथलं नाहीच, इंग्रजांनी नेऊन सोडलेलं. आपल्या सातपुड्यात चितळामागे बिबट्या असतो, मुक्ताईनगरकडे डोलारखेड्याच्या बाजूला तर वाघसुद्धा आहे. अंदमानात असं एकही मोठं शिकारी जनावर नाही. मग चितळं वाढत जातात आणि जंगलातली कोवळी रोपं खाऊन टाकतात, म्हाताऱ्या झाडांच्या खाली नवं झाड उभंच राहत नाही. चितळाचा काय दोष? पण पाव देणाऱ्यांना कुणीतरी हे सांगायला हवं. मी आमच्या बोटीतल्या नाशिकच्या एका कुटुंबाला सांगितलं. त्या काकूंनी मनापासून ऐकून घेतलं आणि हातातला पाव पिशवीत ठेवला.

आता शहीद द्वीप, म्हणजे नील. इथे बंगाली निर्वासितांना शेती देऊन वसवलंय आणि सगळ्या अंदमानाला भाजीपाला इथून जातो. वांग्याची शेतं पाहून मी चालत्या गाडीतून ओरडलेच. पण तुला सांगायचंय ते लक्ष्मणपूरच्या किनाऱ्याचं, जिथे खडकाची नैसर्गिक कमान आहे. तिथे ओहोटीच्या वेळीच जायचं. समुद्र मागे सरकतो आणि खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहतं, प्रत्येक खळग्यात वेगळा संसार. वाटाड्याने पहिल्यांदा बजावलं, पोवळ्यावर पाय द्यायचा नाही, दगड वाटतो पण जिवंत आहे. मग एका खळग्यापाशी त्याने आम्हाला बसवलं. खाली मोठा शिंपला, अर्धवट उघडा, आणि कडेने जांभळ्या-निळ्या मखमलीचे ओठ. मी वाकून बघायला गेले, माझी सावली पाण्यावर पडली आणि त्याने ओठ चटकन आत ओढून घेतले. माय वं! त्या ओठांच्या कडेला बारीक बारीक डोळे असतात, त्यांना सावली कळते. मी मागे सरकून बसले. थोड्या वेळाने त्याने पुन्हा हळूहळू ओठ पसरले, उन्हाकडे. ऊन त्याला लागतंच, कारण त्या ओठांत सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं शिंपल्यालाही मिळतं. आमची मुक्ता तर तिथून हलायलाच तयार नव्हती. भरतीचं पाणी घोट्याला लागलं तेव्हा उठवलं तिला.

किनाऱ्यावर शंख खच्चून पडलेले असतात आणि हात शिवशिवतात, खरं आहे. पण त्यातले निम्मे चालायला लागतात! आत खेकडा असतो. त्याच्या अंगाचा मागचा भाग मऊ, म्हणून तो रिकाम्या शंखात राहतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. आपण शोभेला म्हणून शंख उचलून आणला तर त्याने कुठे जायचं? पोवळ्याचा तर मेलेला तुकडाही उचलायला कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे असं माझं ठाम मत झालंय. तेव्हा तुझ्यासाठी शंख आणलेला नाही, रागावू नकोस.

चिडिया टापूच्या त्या मुलाने नारकोंडमच्या धनेशाविषयी, त्या मोठ्या चोचीच्या पक्ष्याविषयी, सांगितलं. नारकोंडम हे दूर पूर्वेकडचं ज्वालामुखीचं बेट, सगळं मिळून ७ चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि तो धनेश साऱ्या जगात फक्त तेवढ्यावर. आपलं यावलचं अभयारण्य पावणेदोनशे चौरस किलोमीटर आहे, त्यावरून कल्पना कर. एक वणवा, एक रोगाची साथ, आणि ती जात संपली.

हे ऐकताना मला एकदम आपला रानपिंगळा आठवला. मीना, आपल्याला शाळेत कुणी हे शिकवलं नाही. हा छोटा घुबडवर्गातला पक्षी १८८४ नंतर कुणालाच खात्रीने दिसला नव्हता, संपला असंच जाणकार धरून चालले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षितज्ज्ञ आणि त्यांच्या साथीदारांना तो सापडला. कुठे? शहाद्याजवळ, आपल्या सातपुड्याच्या पायथ्याला! ११३ वर्षांनी! पुढे तो मेळघाटात, मध्य प्रदेशात, आपल्या यावलच्या रानातही दिसला. पण रान तुटलं की त्याचं घर गेलं, कारण तो जुन्या झाडांच्या ढोलीत राहतो. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, याचं डोकं जवळजवळ साधं, पाय पांढऱ्या पिसांचे आणि नख्या चांगल्या दणकट. शिवाय दिवसा फिरतो, म्हणजे आपल्यासारख्या संसारी बायकांना सोयीचा. एवढा समुद्र ओलांडून मी सुतार बघून आले आणि घराच्या उत्तरेला दिसणाऱ्या डोंगरातला हा पक्षी अजून पाहिला नाही, याची मला आता फार हुरहुर लागलीय.

तर असं ठरवलंय. फेब्रुवारीच्या शेवटी पानगळ झालेली असते, झाडं उघडी पडतात, पाखरं दिसायला सोपी जातात. शहाद्याला माझी नणंद आहे, मुक्काम तिच्याकडे. वनखात्याची परवानगी आणि तिथला माहीतगार माणूस, दोन्हींचं हे बघतो म्हणालेत. तुझ्या भावाची दुर्बीण आण, आमची दुर्बीण मुक्ता हातातून सोडत नाही. रजा कधी मिळते ते आठवडाभरात कळव, म्हणजे नणंदेला सांगता येईल. आणि जमलं तर दोन दिवस आधी इकडे ये. भरिताची वांगी तोवर मळ्यात आहेत, कळण्याच्या भाकरी मी करते.

काकूंना नमस्कार, पिंटूला आशीर्वाद.

तुझी,
शैला