चिठ्ठीवरचा प्रश्न

महोदय,

पदवीच्या पहिल्या वर्षाला मी २१ वर्षं रसायनशास्त्र शिकवते आहे. ‘समजलं का?’ विचारलं की सगळा वर्ग ‘हो मॅडम’ म्हणतो. त्या ‘हो’वर विसंबायचं नसतं, हे कळायला मला फार वर्षं लागली. आता तासाची शेवटची चार मिनिटं मी चिठ्ठ्यांसाठी राखून ठेवते. पाठकोऱ्या कागदाचा तुकडा, नाव नको, भाषा कोणतीही. जे अडलं तेवढंच लिहायचं. कोणी अहिराणीतही लिहितं.

मागच्या सत्रात एका चिठ्ठीवर होतं, ‘रिडक्शन म्हणजे कमी होणं ना? मग इलेक्ट्रॉन मिळाल्यावर रिडक्शन कसं?’ मोजल्या तर अशा २२ चिठ्ठ्या निघाल्या, आणि मी मात्र फळ्यावर व्याख्या लिहून पुढे गेले होते. दुसऱ्या दिवशी मोरचुदाचं (तांब्याच्या निळ्या क्षाराचं) द्रावण आणि लोखंडी खिळा घेऊनच वर्गात गेले. द्रावणाची निळाई हळूहळू फिकी झाली, खिळ्यावर तांबूस थर चढला. तांब्याच्या आयनावरचा +२ प्रभार दोन इलेक्ट्रॉन घेऊन शून्यावर आला; कमी झाला तो प्रभार. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, हे तर दहावीतलं क्षपण!’

मुलांना येत होतं, पण मराठीत. तेव्हापासून प्रत्येक इंग्रजी संज्ञेशेजारी मी शालेय पुस्तकातला मराठी शब्द लिहिते. वर्गचाचणीत संज्ञा इंग्रजीत हवी, स्पष्टीकरण मराठीत चालेल, असं पहिल्याच दिवशी सांगते. ‘पुढे एम.एस्सी.ला काय करतील?’ असं सहकारी विचारतात. काळजी रास्त आहे, पण पहिल्याच वर्षी विषय सुटला तर एम.एस्सी.चा प्रश्नच येत नाही.

हजेरीही मी आता तासाच्या शेवटी घेते. गावाकडून येणारी एकच एसटी दहा मिनिटं उशिरा पोहोचते. तेवढ्यासाठी मुलांची ७५ टक्के हजेरी का बुडावी?

अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्यावीत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३मध्ये विद्यापीठांना सुचवलं होतं. माझी विनंती एवढीच की, अंतर्गत मूल्यमापनाच्या परिपत्रकात हे एका ओळीत स्पष्ट लिहावं. ‘मॅडम, मराठीत लिहिलं तर गुण कापणार नाहीत ना?’ असं मुलं दर जूनमध्ये विचारतात, आणि त्यांना दाखवायला माझ्याकडे कागद नसतो.

– एक प्राध्यापिका, जि. धुळे